खाटेशेजारचा माणूस

(वर्धा येथे एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



विषय कळवला त्या दिवशी संध्याकाळीच संयोजकांचा फोन आला. "सर, वादळात रुग्णालये कशी हलवतात, हा विषय चांगलाच आहे. पण आपल्याकडे समुद्र कुठाय?" शंका रास्त होती. वर्ध्याहून समुद्र गाठायचा तर पश्चिमेला जा नाहीतर पूर्वेला, रात्र रेल्वेतच काढावी लागते. पण बंगालच्या उपसागरात उठलेले कमी दाबाचे पट्टे ओडिशा, छत्तीसगड ओलांडून आपल्या डोक्यावर येतात. वाटेत त्यांचा वारा गळून पडतो, पाणी मात्र पुरेपूर येते. ३० जुलै १९९१ ला नरखेड तालुक्यातल्या मोवाडमध्ये २०४ माणसे गेली. ती ज्या नदीत गेली ती हीच वर्धा, जी पुढे आपल्या जिल्ह्याची वेस धरून वाहते. जुलै २०२२ मध्ये हिंगणघाट तालुक्याने वणा नदीचे पाणी घरात पाहिले. तेव्हा वादळ नसले तरी वादळाचे शेपूट आपल्याकडे येते, आणि रुग्णालयाला पाणी कुठल्या नावाने आले याच्याशी कर्तव्य नसते.

मी भूलतज्ज्ञ. आयुष्य इतरांना झोपवण्यात आणि पुन्हा उठवण्यात गेले. त्यामुळे वीज गेली की पहिला विचार माझ्या मनात येतो तो श्वासाचा. याच खिडकीतून मी आज बोलणार आहे.

२९ ऑक्टोबर २०१२. न्यूयॉर्कवर सँडी वादळ आले. तिथल्या न्यूयॉर्क विद्यापीठाच्या लँगोन रुग्णालयाने रुग्ण आधी हलवायचे नाहीत, आतच थांबायचे, असे ठरवले होते. जनरेटर उंचावर होते, म्हणून सगळे निर्धास्त होते. पण त्यांना डिझेल पुरवणारी यंत्रणा तळघरात होती. ईस्ट रिव्हरचे पाणी तळघरात शिरले आणि वरचे जनरेटर उपाशी राहून बंद पडले. मग तीनशेच्या वर रुग्ण अंधाऱ्या जिन्यांनी खाली आणावे लागले. नवव्या मजल्यावर नवजात अतिदक्षता विभाग होता, तिथे २० बाळे होती. एकेक परिचारिका एकेक बाळ छातीशी धरून, कुणी श्वास देणारी अंबू बॅग हाताने दाबत, कुणी टॉर्च धरून, असे ते नऊ मजले उतरले. सगळी बाळे वाचली. शेजारच्या बेलव्ह्यू रुग्णालयातही तीच गत. तिथे जनरेटर तेराव्या मजल्यावर होते आणि डिझेलचे पंप तळघरात बुडाले होते. कर्मचाऱ्यांनी आणि जवानांनी जिन्यावर रांग लावून डिझेल हातोहात वर चढवले.

दोन्ही गोष्टी शौर्याच्या आहेत, पण मला त्यात शौर्यापेक्षा प्लंबिंग जास्त दिसते. पंप कुठल्या मजल्यावर बसवायचा हे कुणीतरी कधीकाळी एका नकाशावर ठरवले, आणि रुग्णांचे भवितव्य तिथेच ठरले. चेन्नईत डिसेंबर २०१५ मध्ये अड्यार नदीचे पाणी एका मोठ्या रुग्णालयात शिरले, वीज आणि जनरेटर दोन्ही गेले, आणि अतिदक्षता विभागातले रुग्ण दगावले. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठी चढली तेव्हा चिपळूणच्या एका कोविड रुग्णालयातही वीज गेल्यावर असेच झाले. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये रुग्णालय सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यात हे सगळे आहे. तरीही आपल्याकडे जनरेटर कुठे असतो? मागच्या बाजूला, सायकल स्टँडच्या पलीकडे, जमिनीलगत. एवढेच सांगून मी यंत्रांचा विषय इथे सोडतो. यंत्राबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत.

मला बोलायचे आहे ते उचलणाऱ्या हातांबद्दल.

रुग्ण हलवताना पहिला प्रश्न येतो, आधी कोण? याचे उत्तर तुमच्या हातात वेळ किती यावर आहे. हवामान खात्याची वादळाची सूचना साधारण ७२ तास आधी सुरू होते, मग ४८ तासांचा इशारा, मग २४ तासांचा. एवढा अवधी असेल तर सर्वांत अत्यवस्थ रुग्ण आधी हलवायचा, कारण त्याला अँब्युलन्स, व्हेंटिलेटर, सोबत डॉक्टर, पलीकडे तयार खाट, सगळे लागते आणि ते जुळवायला वेळ जातो. पण आग लागली असेल, पाणी पायरीवर असेल, तर उलट. आधी चालणारे, मग बसणारे, मग निजलेले. चालणारे निघून गेले की जिना मोकळा होतो आणि उरलेल्यांसाठी हात मोकळे होतात. ऐकायला क्रूर वाटते. २००५ मध्ये कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सच्या मेमोरियल रुग्णालयात डॉक्टरांनी रुग्णांचे तीन गट पाडले आणि सर्वांत आजारी लोक शेवटी ठेवले. वीज नाही, पाणी नाही, असह्य उकाडा. रुग्णालय रिकामे झाले तेव्हा आत ४५ मृतदेह सापडले. तिथे काय काय घडले यावर पुढे फौजदारी चौकशीपर्यंत गोष्ट गेली. मी त्या डॉक्टरांचा न्याय करणार नाही. मात्र एक नोंदवतो: तिथे अवधी दिवसांचा झाला होता आणि हिशेब मिनिटांचा चालू राहिला.

आता आपल्याकडची, वेळेत झालेली गोष्ट सांगतो, कारण चांगले झालेले आपण लवकर विसरतो. मे २०२१. तौक्ते वादळ अरबी समुद्रात वर सरकत होते आणि मुंबईत कोविडची दुसरी लाट होती. बीकेसी, दहिसर आणि मुलुंड इथली जम्बो केंद्रे म्हणजे तंबूवजा तात्पुरती बांधकामे. महापालिकेने वादळ जवळ येण्याआधीच तिथले ५८० रुग्ण पक्क्या इमारतींच्या रुग्णालयांत हलवले: बीकेसीतून २४३, दहिसरमधून १८३, मुलुंडमधून १५४. आदल्या वर्षी निसर्ग वादळाच्या वेळी बीकेसी रिकामे करावे लागले होते, तो धडा उपयोगी पडला. ऑक्सिजनवरचा माणूस शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला नेणे म्हणजे काय, हे एका आकड्यात सांगतो. अँब्युलन्समधल्या लहान, म्हणजे बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन मावतो. रुग्णाला मिनिटाला १० लिटर लागत असेल तर अडीच तास. पंधरा लिटर लागत असेल तर शंभर मिनिटे. त्यात मुंबईची वाहतूक आणि पलीकडच्या दारातली रांग धरा.

पण या सगळ्या गोष्टीत एक माणूस नव्हता. नातेवाईक. कोविडमध्ये त्याला दाराबाहेर ठेवले होते, आणि ते बरोबरही होते. न्यूयॉर्कच्या त्या जिन्याच्या गोष्टीतही तो फारसा येत नाही. परदेशातले आराखडे वाचा, रुग्ण किती, कर्मचारी किती, स्ट्रेचर किती, असा हिशेब असतो. तिथे रुग्णाशेजारी रात्री सहसा कुणी नसते, म्हणून त्यांच्या हिशेबात तो नाही. आपण ते आराखडे उचलले आणि तो रकाना तसाच कोरा आणला.

आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही रुग्णालयात रात्री अकराला फिरा. सेवाग्रामला जा, सावंगीला जा, आर्वीच्या किंवा हिंगणघाटच्या उपजिल्हा रुग्णालयात जा. खाटेखाली चटई, चटईवर माणूस. कॉरिडॉरमध्ये डब्याची पिशवी उशाला घेऊन कुणाची तरी सून, कुणाचा भाऊ, कुणाचा साळा. सामान्य वॉर्डात रात्री चाळीस रुग्ण आणि एक-दोन सिस्टर, एक मावशी, एक वॉर्डबॉय, हे चित्र तुम्हाला ठाऊक आहे. त्याच वॉर्डात चाळीसेक नातेवाईकही असतात. उद्या तिथून रुग्ण हलवायचे झाले तर उचलणार कोण, हे सांगायला तज्ज्ञ नको.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या मेट्रनबाई रात्रीच्या राउंडला आल्या की सिस्टरला विचारत, "सोबत कोण कोण आहे?" किती रुग्ण, हे त्या रजिस्टरमध्ये बघत. सोबत कोण, हे मात्र तोंडी विचारत, कारण ते कुठेच लिहिलेले नसे. आम्हा तरुण डॉक्टरांना तो बायकी चौकसपणा वाटायचा.

काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयात मॉक ड्रिल पाहिले. रुग्ण म्हणून नर्सिंगच्या मुली झोपवल्या होत्या, सगळ्या विशी-बाविशीतल्या, चाळीस-पन्नास किलोंच्या. आणि ड्रिल सुरू होण्याआधी सिक्युरिटीने पहिले काम काय केले असेल, तर वॉर्डातल्या सगळ्या नातेवाइकांना बाहेर काढून चॅनल गेट ओढून घेतले. "गर्दी नको." ड्रिल झकास पार पडले. फोटो निघाले. गेटबाहेर उभा असलेला एक शेतकरी मला म्हणाला, "डाक्टरसाहेब, खरंच आग लागली तं आमाले असंच बाहीर काढान का? मंग आमच्या बुढ्याले कोन आनन?"

त्याला काय उत्तर द्यायचे? कोलकात्याच्या ढाकुरियात ९ डिसेंबर २०११ च्या पहाटे आम्री रुग्णालयाच्या तळघरात आग लागली आणि धूर वर वॉर्डांत पसरला. नव्वदच्या आसपास माणसे गेली, बहुतेक धुराने गुदमरून. शेजारच्या झोपडपट्टीतली पोरे धूर पाहून धावत आली होती. सुरक्षारक्षकांनी त्यांना आधी हाकलले, असे त्या वस्तीतल्यांनी सांगितले. पुढे त्याच पोरांनी काचा फोडून, दोर लावून माणसे बाहेर काढली. केरळच्या दोन तरुण परिचारिका रुग्णांना बाहेर पोचवता पोचवता स्वतः गेल्या. हात होते, पण दार त्यांच्यासाठी बंद होते.

आता भंडाऱ्याकडे येतो. सांगायला जड जाते, पण विदर्भात या विषयावर बोलायचे आणि भंडारा टाळायचे, हे जमणार नाही. ९ जानेवारी २०२१, मध्यरात्र उलटून गेलेली. जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू विभागात आग लागली. आत १७ बाळे होती. १० गेली, ७ वाचली. नंतर चौकशी झाली, फायर ऑडिटचे आदेश निघाले, पुष्कळ लिहिले गेले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारला आणि नोव्हेंबरमध्ये नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागांना आगी लागल्या. नगरला त्याच दिवशी ११ रुग्ण गेले. या जागा ओळीने ठेवून बघा: नवजात शिशू विभाग, कोविड आयसीयू, पुन्हा कोविड आयसीयू. आगीची कारणे विजेची असतील, ऑक्सिजनने ज्वाळा भडकत असतील, ते तांत्रिक खरेच आहे. पण या तिन्ही खोल्यांत आणखी एक साम्य होते. रुग्ण स्वतः हलू शकत नव्हता आणि अशा खोल्यांत त्याचे माणूस सहसा आत नसते. धूर पहिल्यांदा नाकाला लागतो तो जाग्या माणसाच्या. जनरल वॉर्डात अशी माणसे रात्रभर इकडेतिकडे पडलेली असतात, कुणी तंबाखू मळत, कुणी लेकराला थोपटत. बंद दाराआडच्या खोलीत मात्र तो पहारा नसतो.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. आपण कर्मचारी वॉर्डागणिक खाटांच्या प्रमाणात वाटतो. आपत्तीसाठी ते उलट्या हिशेबाने वाटले पाहिजेत. जिथे नातेवाईक आहे तिथे एक सिस्टर चाळीस जणांचे स्थलांतर चालवू शकते, फक्त तिचा आवाज आणि अधिकार हवा. जिथे नातेवाईक नाही, म्हणजे शिशू विभाग, आयसीयू, ऑपरेशन थिएटर, आणि बेवारस रुग्णांच्या खाटा, तिथे धोक्याची घंटा वाजताच बाकीच्या वॉर्डांतले हात धावले पाहिजेत. कुणी धावायचे, हे दर पाळीला नावाने ठरलेले असले पाहिजे. नवजात बाळाला अंबू बॅगने श्वास द्यायचा तर मिनिटाला ४० ते ६० वेळा दाबावी लागते. एकटी सिस्टर एका बाळाला तसा श्वास देत असेल तर दुसरे बाळ उचलायला तिला तिसरा हात नसतो.

नातेवाइकांवर एवढा विश्वास टाकायचा का, हा आक्षेप माझे डॉक्टर मित्रच घेतील. त्यांची बाजू खोटी नाही. आम्ही नातेवाइकांच्या हातचा मार खाल्लेला वर्ग आहोत. २०१० मध्ये राज्याला डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा करावा लागला तो उगाच नाही. नातेवाईक घाबरतो, ओरडतो, आपल्याच माणसाला आधी न्या म्हणून हटून बसतो, सलाईनची नळी ओढली जाते. संसर्गाचा प्रश्नही खराच. आणि सगळे नातेवाईक काही खांदा देण्याजोगे नसतात. सत्तरीच्या म्हातारीसोबत पंचाहत्तरीचा म्हातारा असतो. बाळंतिणीसोबत तिची सासू असते, आणि सासूलाच गुडघ्याचा त्रास. म्हणून तर मोजणी हवी. मेट्रनबाई विचारायच्या ते हेच: सोबत कोण आहे, उचलू शकेल का, नसेल तर त्या खाटेवर खूण करा. चादरीच्या चार टोकांना धरून माणूस जमिनीवरून ओढत नेणे अवघड नाही. त्याला ताकद कमी आणि सांगणारे कुणी जास्त लागते. शिवाय जिना गाठण्याआधी त्याच मजल्यावर धुराच्या दाराआड पलीकडच्या भागात सरकायचे असते. बांधकाम संहितेत ही सोय आहे, पण ती दारे आपण गादीचे गठ्ठे लावून उघडी ठेवतो.

आणि नातेवाइकाला रुग्णालयाच्या कारभारात घ्यायचे, हे या जिल्ह्याला कुणी नव्याने शिकवायची गरज नाही. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने गावकऱ्यांकडून ज्वारीच्या रूपाने वर्गणी घेऊन आरोग्य विमा चालवला. १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी तिथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. तिथे पहिल्या वर्षाची मुले एक गाव दत्तक घेतात आणि त्या गावात राहून येतात. जे रुग्णालय गावाला कोठीतली ज्वारी मागू शकते, ते त्याच गावच्या माणसाला रुग्णाला जिन्यापर्यंत आणायला हात लाव, असे का म्हणू शकणार नाही?

आता पुन्हा अवधीकडे येतो. नदी आपल्याला वादळाएवढा अवधी देत नाही, पण आगीपेक्षा पुष्कळ देते. धरणाचे दरवाजे उघडायचे निरोप येतात, वरच्या तालुक्यात पाऊस किती झाला ते कळते. हा वेळ वापरायचा तर सर्वांत स्वस्त स्थलांतर म्हणजे रुग्णालयात येण्याआधीचे. गडचिरोलीत भामरागडला पर्लकोटा चढली की तालुका तुटतो, हे ठरलेलेच. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर दिवस भरत आलेल्या बायकांच्या याद्या होतात आणि त्यांना आधीच आरोग्य केंद्राजवळ आणून ठेवतात. राज्याच्या आदिवासी भागांत त्यासाठी माहेरघर योजना आहे. तिथे गरोदर बाईसोबत तिचे मूल आणि एक नातेवाईक राहू शकतो. ओडिशात याच धर्तीवर मा गृह आहे, आणि वादळापूर्वी गरोदर स्त्रिया हलवणे ही तिथे आता सरावाची गोष्ट झाली आहे. समुद्रपूर आणि हिंगणघाट तालुक्यांतल्या वणेकाठच्या गावांची, देवळी आणि आर्वीतल्या वर्धाकाठच्या गावांची अशी यादी आशाताई एका दुपारी करून देईल. डायलिसिसवरचे रुग्ण त्यात घाला. आठवड्यातून दोन-तीनदा ज्याला यंत्राशी बांधून घ्यावे लागते त्याला चार दिवसांचा पूर म्हणजे काय, हे आपण अजून नीट लक्षात घेतलेले नाही.

एक गोष्ट पुलगावची. ३१ मे २०१६ ला, मध्यरात्र उलटल्यावर, दारूगोळा भांडारात आग लागली, स्फोट झाले, दोन लष्करी अधिकाऱ्यांसह अनेक जण गेले. आजूबाजूची गावे रातोरात रिकामी झाली आणि जखमी सावंगीच्या आचार्य विनोबा भावे रुग्णालयात आले. रुग्णालय रिकामे करण्याची तयारी आणि एकदम भरण्याची तयारी या वेगळ्या नाहीत. दोन्हींत बऱ्या रुग्णाला तासाभरात घरी धाडता आले पाहिजे. त्यासाठी केसपेपरवर रोज सकाळी राउंडला एवढेच लिहायचे की हा आज जाऊ शकतो, हा बसून जाऊ शकतो, हा निजूनच.

शिशू विभागाबद्दल थोडे राहिले. आईला तिथून बाहेर ठेवण्याची पद्धत आता वैद्यकशास्त्रालाच मान्य नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवणे, ज्याला आपण कांगारू केअर म्हणतो, ते जन्मानंतर लगेच सुरू करावे का, याचा अभ्यास पाच देशांत झाला. त्यात दिल्लीचे सफदरजंग रुग्णालयही होते. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: लगेच सुरू केले त्या गटात मृत्यू १२ टक्के, नेहमीच्या पद्धतीत १५.७. आता आपल्या देशातही आई आणि बाळ दोघांची खाट एकत्र असलेले विभाग होत आहेत. ते आपत्तीसाठी बनवलेले नाहीत. पण भूलतज्ज्ञाच्या नजरेने बघा: अशा खोलीत प्रत्येक बाळाजवळ एक जागे माणूस आहे, त्याला ऊब देणारे शरीर आहे, बाळ आधीच छातीशी बांधलेले आहे, आणि दोन्ही हात मोकळे आहेत. न्यूयॉर्कच्या परिचारिकांना जे नऊ मजले करावे लागले, ते इथे आई करील. बाळंतीण ओली असेल, टाके असतील, तिलाही आधार लागेल, हे मान्य. पण रिकाम्या खोलीत एका सिस्टरवर दहा बाळे सोपवण्यापेक्षा हे शतपटीने बरे.

जिल्ह्यातल्या रुग्णालयांच्या अधीक्षकांपैकी काही जण इथे बसले आहेत, म्हणून एक छोटी मागणी करून थांबतो. नातेवाइकाला तुम्ही जो पास देता, त्याची मागची बाजू कोरी असते. तिथे वॉर्डाचा नकाशा छापा, जिना कुठे आणि रॅम्प कुठे, बाहेर पडल्यावर कुठे जमायचे. पास देताना खिडकीवरच्या माणसाने दोन प्रश्न विचारून रजिस्टरमध्ये लिहावेत: सोबत किती जण, त्यातले उचलू शकणारे किती. आणि पुढच्या मॉक ड्रिलला चॅनल गेट बंद न करता बघा. गोंधळ होईल, फोटो चांगले येणार नाहीत. पण कोणत्या वळणावर ट्रॉली अडकते आणि कोणता नातेवाईक किती घाबरतो, ते त्या दिवशीच कळेल. पावसाळ्याला अजून दोन महिने आहेत.

प्रश्न असतील तर आता घेऊ.